तळाची ओळ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातून एक प्रमाद घडला. तो लेखणीचा होता, म्हणून त्याची कबुली येथेंच देतों.

प्रयोगशाळेचीं सूचनापत्रें आम्हीच लिहितों, आणि त्यांच्या सुबोधपणाचा आम्हांस किंचित् अभिमानही होता. तीव्र गंधकाम्ल सौम्य करण्याच्या पत्रांत आम्हीं लिहिलें, 'अम्ल मोजून चंचुपात्रांत घ्यावें. पाणी मोजून घ्यावें. दोन्हीं मिसळावीं.' आणि अगदीं तळाशीं, बारीक अक्षरांत, 'अम्लांत पाणी ओतूं नये.' एका आज्ञाधारक मुलानें ओळीमागून ओळ वाचीत तसतसें केलें. तळाची ओळ येण्यापूर्वींच पाणी अम्लांत पडलें होतें!

तीव्र गंधकाम्ल पाण्याच्या सुमारें १.८४ पट जड. वरून ओतलेलें पाणी त्यावर तरंगतें, मिश्रणाच्या उष्णतेनें तेथल्या तेथें उकळतें आणि अम्लाचे थेंब घेऊन उडतें. पुष्कळशा पाण्यांत अम्ल थोडें थोडें, कांडीनें ढवळीत सोडलें, तर ती उष्णता साऱ्या पाण्यांत विभागली जाते. चष्म्यामुळें मुलाचे डोळे वाचले. मनगटावर मात्र चट्टा उठला. नळाच्या धारेखालीं त्याचा हात धरून आम्ही उभे असतां तो म्हणाला, "सर, कागदांत होतें तसेंच केलें." आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

सायंकाळीं त्याचे वडील आले. ते विजेच्या तारा जोडण्याचें काम करतात. रागावले नाहींत, कागद मागून घेऊन वाचला व म्हणाले, "मास्तर, आम्ही आधीं मेन स्विच बंद करून त्याला पाटी अडकवतों, मग शिडी चढतों. तुमची पाटी शिडीच्या वरच्या टोकाला आहे."

ते गेल्यावर आम्हीं अम्लाची बाटली पुन्हा पाहिली. रासायनिक पदार्थांच्या लेबलांसाठीं संयुक्त राष्ट्रांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतीप्रमाणें तिच्यावर तांबड्या कडेचें चिन्ह होतें: हातावर व धातूवर सांडणारा द्रव, आणि जवळ धोक्याचा शब्द. बूच काढण्याआधींच तें नजरेस पडतें.

पश्चात्तापाच्या भरांत केलेला दुसरा खर्डाही बिघडला. 'सावधान' हा शब्द त्यांत अकरा वेळां आला. एकदां तर चंचुपात्र धुवून ठेवण्याच्या सूचनेपुढें! मुलें तो ओलांडून वाचूं लागलीं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? तिसऱ्या खर्ड्यांत तो एकदांच ठेवला, पहिल्या कृतीच्या आधीं. काय उडेल, कोठें भाजेल आणि तें टाळण्यास काय करावें, हें सांगून.

तो कागद प्रथम त्याच मुलास वाचावयास दिला. वाचून त्यानें विचारलें, "सर, नळ कोणत्या बाजूस आहे, तें लिहूं का?"

आम्हीं लेखणी त्याच्या हातीं दिली.