थेंबे थेंबे छत गळे!

पहिला थेंब नाकावर पडला, तेव्हा वाटलं नवरा मस्करी करतोय. रात्रीचे दोन वाजले होते. दुसरा थेंब त्याच्या कपाळावर पडला आणि आम्ही दोघंही ताडकन उठून बसलो. बाहेर होह रेन फॉरेस्टमधला ऑक्टोबरचा पाऊस आणि आत आमचा नवाकोरा (म्हणजे सेकंडहँडच, पण आमच्यासाठी नवा) ट्रेलर!

सिएटलला नोकरी करणाऱ्यांसाठी ऑलिंपिक नॅशनल पार्क म्हणजे वीकेंडची हक्काची जागा. गाडी फेरीबोटीत चढवायची, हायवे १०१ पकडायचा आणि चारेक तासांत शेवाळानं मढलेल्या मेपलखाली पोचायचं. होहमध्ये वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळपास आपलं कोकणच. फरक एवढाच, की तिथला पाऊस हिवाळ्यात कोसळतो आणि जुलै-ऑगस्ट बऱ्यापैकी कोरडे जातात. हॉटेलांवर पैसे उधळण्यापेक्षा, म्हणून सेव्हिंग्ज मोडून आम्ही १९ फुटी ट्रेलर घेतला. किचन, बेड, पिटुकलं बाथरूम... सगळं चाकांवर. एकदम सही!

घरी येऊन छतावर चढले, तर हवेच्या झरोक्याभोवती आधीच्या मालकानं सिलिकॉनचे थरावर थर चढवलेले. मी म्हटलं, आपणही एक ट्यूब मारू, विषय संपला. फोनवर बाबांना हे सांगितलं, तर ते हसलेच. आमचं राजापूरजवळचं घर नळ्यांचं. दर मे महिन्यात नळे परतायचे, हा त्यांचा नेम. "आधी फुटके नळे खाली काढ, मग नवे घाल. वरून ठिगळ लावून पाऊस फसत नाही गो," ते म्हणाले.

मग ताडपत्री टाकून हिवाळा काढला आणि ऑगस्टमध्ये कामाला लागलो.

आमच्या ट्रेलरचं छत म्हणजे प्लायवूडवर चिकटवलेली रबराची शीट. पाणी शिरतं ते शीट जिथे कापलेली असते तिथून : झरोका, शिडीचे स्क्रू, कडेची पट्टी. सिलिकॉन कालांतरानं कडेनं सुटतं आणि त्याचा अंश राहिला तर त्यावर दुसरं काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा! म्हणून ते मुळापासून काढायचं. तेही सुरीनं नाही, शीट फाटते. हीट गननं बेतानं गरम करायचं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. पेट्रोलसारख्या द्रावणानं रबर फुगतं, त्यामुळे तो मोह टाळा.

झरोक्याची चौकट उचलली आणि पोटात गोळा आला. खालच्या प्लायवूडमध्ये बोट सहज रुतलं. वरून टकाटक, आतून भुसा. "विकून टाकूया?" नवरा हळूच म्हणाला. पण हे दडवून कुणाला विकायचं? आधीच्या मालकानं आमच्याशी तेच केलं होतं.

कुजलेला तुकडा कापला, नवा बसवला. चौकटीखाली ब्युटाइल टेप, वर स्क्रू आणि सगळ्यावर आपोआप पसरणारं लॅप सीलंट. हे फक्त सपाट छतावर. उभ्या भिंतीवर न ओघळणारं वेगळं सीलंट लागतं, नाहीतर खाली नुसते ओघळ. एका दिवसाचं काम दोन वीकेंड चाललं. पाठीची वाट लागली, ती वेगळीच.

ऑक्टोबरात पुन्हा होह. रात्रभर छतावर ताशा वाजत होता आणि मी टॉर्च घेऊन कोपरे चाचपत होते. पहाटेपर्यंत एक थेंबही नाही!

सकाळी रेंज आल्या आल्या बाबांना फोन लावला. ते खूश झाले. मग सहज म्हणाले, "यंदा गडी मिळाला नाही, नळे मीच परतले." वय ६८, गुडघे दुखरे आणि ओल्या भिंतीवर टेकवलेली शिडी. हे ते मे महिन्यात बोलले नव्हते. वरून टकाटक ठेवायची सवय आमच्या घराण्यातच असावी.

पुढच्या मे महिन्याची तिकिटं काढली आहेत. या वेळी शिडी बाबा धरतील, वर मी चढणार.