पाटी घ्यावी कीं डेस्क?

वृद्ध मनुष्यास कांहीं द्यावयाचें झालें म्हणजे घरांतील मंडळी प्रथम त्याच्या प्रकृतीचा विचार करितात, मग सोयीचा करितात, आणि त्यास काय करावयाचें आहे हा विचार बहुधा राहूनच जातो. ह्यांत प्रेमाची उणीव नसते. उलट प्रेम अधिक असल्यामुळेंच असें होतें. गेल्या वर्षीं दिवाळीपूर्वीं आमच्या घरीं जो वाद चालला, त्यावरून ही गोष्ट आमच्या ध्यानांत आली. वाद दिसण्यांत लहानच. टॅब्लेट घ्यावा कीं हलका लॅपटॉप घ्यावा, एवढाच. परंतु हल्लीं पुष्कळ घरांत हा प्रश्न पडत असल्यामुळें आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही शाळामास्तर. मॅट्रिकनंतर पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि पुढें सारा काळ मुलांना शब्द चालवावयास शिकविण्यांत गेला. वाईस आमचें एकत्र कुटुंब आहे. एके दिवशीं वडील चिरंजीव म्हणाले, “बाबा, दिवाळीला तुम्हांला एक टॅब्लेट घेऊं या. वाचायला, कीर्तन ऐकायला, पुण्याच्या नातीशीं बोलायला बरा.” धाकट्या बंधूंचा मुलगा जवळच होता. तो म्हणाला, “काका, लॅपटॉपच घ्या. टॅब्लेट म्हणजे मोठा फोन.” दोहोंच्या किंमती जवळपास सारख्या होत्या आणि खर्च एकाच वस्तूचा व्हावयाचा होता, तेव्हां घरांत दोन पक्ष पडण्यास वेळ लागला नाहीं.

आमची खोड अशी कीं, वस्तु समजून घ्यावयाची तर प्रथम तिच्या नांवाची फोड करावी. टॅब्लेट म्हणजे पाटी. लॅपटॉप म्हणजे मांडीवर ठेवून काम करावयाचें यंत्र. मांडी घालून पुढें उतरतें डेस्क घेऊन बसणाऱ्या आपल्या जुन्या कारकुनाची तें आठवण करून देतें. दोहोंचा इतिहासही चिरंजीवांनीं काढून दिला. अॅलन के नांवाच्या अमेरिकन संशोधकानें इ.स. १९७२ मध्यें सर्व वयांच्या मुलांकरितां वहीएवढ्या संगणकाची कल्पना एका निबंधांत मांडली होती, परंतु इ.स. १९८१ साली बाजारांत आलेला ‘ऑस्बोर्न’ हा हातीं नेण्याजोगा संगणक सुमारें ११ किलो वजनाचा होता. पुढें इ.स. २००८ च्या जानेवारींत ‘मॅकबुक एअर’ कागदी लिफाफ्यांतून बाहेर काढून दाखविण्यांत आला, वजन १.३६ किलो. दोनच वर्षांनीं, इ.स. २०१० च्या जानेवारींत, ‘आयपॅड’ ही पाटी लोकांपुढें आली. ती ६८० ग्रॅमची. आजची पाटी साधारण अर्ध्या किलोची आणि हलका लॅपटॉप एक ते सव्वा किलोचा असतो. म्हणजे तराजूनें हा वाद सुटण्यासारखा राहिलेला नाहीं.

तेव्हां परीक्षा घेण्याचें ठरविलें. सूनबाईंचा टॅब्लेट पंधरा दिवस मागून घेतला. आमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, डावा अद्याप व्हावयाचा आहे. बारीक टाइपाचीं पुस्तकें आम्हीं जवळजवळ सोडून दिलीं होतीं. निर्णयसागर छापखान्याच्या जुन्या आवृत्त्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर पाहावयास मिळतात. त्यांतील एक उघडून दोन बोटांनीं पान ताणलें, तों टीकेचें अक्षर वाटाण्याएवढें झालें! त्या रात्रीं बारा वाजेपर्यंत आम्ही वाचीत बसलों होतों. पोथी ठेवण्याच्या लांकडी ठवणीवर ती पाटी अशी चपखल बसली, कीं जणूं ठवणी तिच्यासाठींच केली होती. खरें सांगावयाचें, तर तेथेंच निकाल लागावयाचा.

पण कपाटांत चौदा वह्या होत्या.

मुलें संस्कृत शिकतांना कोठें चुकतात, कां चुकतात, आणि कोणत्या उदाहरणानें ती चूक कायमची सुटते, ह्याचें टिपण आम्हीं तीस वर्षें ठेविलें होतें. नोकरी संपल्यावर त्याचें पुस्तक करावयाचें, असा मनाशीं संकल्प होता. आधीं घराची डागडुजी, मग लग्नकार्यें, मग डोळे, असें करतां करतां वर्षें गेलीं. आणि गेल्या पावसाळ्यांत दुसऱ्या वहीस वाळवी लागली. समासांचीं निम्मीं पानें चाळणीसारखीं झालीं. त्या वेळीं कोणास कांहीं बोललों नाहीं. वही उन्हांत ठेविली, झटकली, आणि पुन्हां कपाटांत ठेवून दिली.

आतां त्याच पाटीवर पहिली वही उतरून काढूं म्हटलें. तेव्हां निराळाच अनुभव आला. लिहावयास लागतांच खालून अक्षरांचा तक्ता वर येई आणि अर्धी पाटी झांकून टाकी. कांचेवर बोट टेकलें कीं नाहीं हें बोटास कळत नसे, म्हणून प्रत्येक अक्षराकडे पाहावें लागे. वहीकडे पाहावें तर अक्षर चुके, अक्षराकडे पाहावें तर वहींतील ओळ हरवे. एका पानास दीड तास लागला. तोंडानें सांगितलेलें लिहून घेण्याची सोय आहे, ती करून पाहिली. “विसर्गसंधि” असें म्हटलें, तर कांचेवर “विसर्जन संधी” उमटलें. गणेशोत्सव नुकताच आटोपला होता. यंत्रास तेंच सुचलें असावें! व्यासांनीं गणपतीस घातलेली अट आम्हांस आठवली: अर्थ समजल्यावांचून लिहावयाचें नाहीं. ह्या लेखनिकास ती अट कोण घालणार?

नंतर पुतण्याचा लॅपटॉप घेतला. पहिले चार दिवस मनस्तापाचे गेले. एका पानास दोन तास लागत. मग त्यानें ‘इनस्क्रिप्ट’ नांवाची अक्षरांची मांडणी दाखविली. भारतीय मानक ब्यूरोनें इ.स. १९९१ च्या आपल्या मानकांत तिचा समावेश केला आहे. ती पाहून आम्हांस पाठशाळेंतील मित्र भेटल्यासारखें झालें. स्वर डाव्या हाताखालीं, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताखालीं. क आणि ख एकाच कळीवर. साधी दाबली तर अल्पप्राण, ‘शिफ्ट’ धरून दाबली तर महाप्राण. ग-घ, च-छ, त-थ ह्यांचेंही तसेंच. ऱ्हस्व इकाराच्या शेजारीं दीर्घ ईकार. जोडाक्षर हवें तर व्यंजन, मग हलन्त, मग दुसरें व्यंजन. म्हणजे आम्ही मुलांना फळ्यावर जशी फोड करून दाखवीत असूं, तशीच! ज्यास वर्णमाला येते, त्यास हा कीबोर्ड अर्धा पाठच असतो. शिवाय कळ दबल्याचें बोटास कळतें, म्हणून डोळे वहीवर ठेवतां येतात. तीन आठवड्यांत एक पान चाळीस मिनिटांवर आलें.

त्याचे दोष नाहींत असें नाहीं. निजून वाचावयास तो निरुपयोगी. नांव मांडीचें असलें तरी मांडीवर फार वेळ ठेविल्यास तापतो. आणि पाटीसारखा उचलून नातवंडांच्या घोळक्यांत नेतां येत नाहीं.

दिवाळीस आठ दिवस राहिले असतां जेवतांना आम्हीं सांगितलें कीं, लॅपटॉप घ्यावा. चिरंजीव कांहीं वेळ बोलले नाहींत. मग हळूच म्हणाले, “बाबा, आतां ह्या वयांत आणखी काम कशाला? जन्मभर लिहिलंत, शिकवलंत. आतां नुसतं वाचावं, ऐकावं.” शब्द मायेचे होते, तरी घास घशांत अडकला. आमच्या मुलाच्या दृष्टीनें आमचें काम संपलें होतें. क्षणभर राग आला. पण हात धुतांना मनांत आलें कीं, दोष त्याचा कसा? त्या वह्या आम्हीं त्यास कधीं दाखविल्याच नव्हत्या.

त्या रात्रीं चौदाही वह्या त्याच्यापुढें ठेविल्या. तो बराच वेळ पानें चाळीत होता. एके ठिकाणीं त्यास स्वतःचीच चूक सांपडली. आठवीच्या वर्गांत तो आमच्याच हाताखालीं होता. तो हसला. पुढें दुसरी वही उघडली, वाळवीच्या भोंकांतून दिव्याचा उजेड त्याच्या हातावर पडला, आणि त्याचें हसणें थांबलें. “हें केव्हां झालं?” एवढेंच त्यानें विचारलें. पाडव्याच्या दिवशीं लॅपटॉप घरीं आला. त्याच्या कळांवर इंग्रजी अक्षरेंच होतीं. देवनागरी अक्षरांच्या चिकट्या आणून त्या एकेका कळीवर चिरंजीवांनीं स्वतः बसविल्या.

वाचकहो, दोहोंपैकीं एक निवडावयाची वेळ आपल्या घरीं आल्यास आधीं वजन आणि किंमत पाहूं नका. ज्याच्यासाठीं घ्यावयाचें, त्यास विचारा कीं दिवसाकांठीं तुमचें वाचणें-पाहणें अधिक कीं लिहिणें अधिक? वाचणें, पाहणें, दूरच्या मुलांशीं बोलणें हेंच मुख्य असेल आणि डोळे अधू असतील, तर पाटीसारखें सुख नाहीं. रोज एखादें पानही लिहावयाचें असेल, हिशेब मांडावयाचे असतील, तर डेस्क घ्यावें. पाटीस निराळा कीबोर्ड जोडतां येतो. ज्यास बहुधा वाचावयाचें आणि क्वचित् पत्र लिहावयाचें, त्यास ती तोड चांगली. परंतु दोहोंचें मिळून वजन व खर्च बहुधा लॅपटॉपच्या जवळ जातो, हें ध्यानांत ठेवावें. आणि घेण्यापूर्वीं कोणाचें तरी यंत्र मागून आठ दिवस आपलें नित्याचें काम त्यावर करून पाहावें. दुकानांतील पांच मिनिटांत कोणतेंही यंत्र चांगलेंच दिसतें.

असो. आजवर पांच वह्या उतरून झाल्या आहेत. डाव्या डोळ्यास जुनी शाई दिसत नाहीं, म्हणून दुपारीं आमच्या सौभाग्यवती वही वाचतात आणि आम्ही कळा दाबतों. म्हणजे व्यासांची जागा त्यांनीं घेतली आणि आम्ही गणपति झालों. परंतु अट मात्र उलट झाली आहे. वाक्य नीट कळलें नाहीं, कीं त्या वाचणें थांबवितात आणि म्हणतात, “अहो, हें मला समजलं नाहीं, तर मुलांना काय समजणार?” मग तें वाक्य आम्हांस पुन्हां लिहावें लागतें. वाळवीनें खाल्लेलीं समासांचीं पानें आम्ही असेंच त्यांना समजावून सांगत नव्यानें लिहिलीं. आणि पहिल्यापेक्षां तीं बरीं उतरलीं आहेत, असें आमचें मत आहे.

पुढच्या दिवाळीस पाटी घ्यावयाची, हें त्यांनीं चिरंजीवांस आतांच सांगून ठेविलें आहे. ती त्यांच्या स्वतःच्या वाचनासाठीं. ह्या खेपेस कोणास विचारावयाचें राहिलें नाहीं.