काखेतला कळसा

शाळेच्या वार्षिक सहलीचा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला की गेली कित्येक वर्षे तीच नावे पुढे येतात. कोल्हापूर-पन्हाळा, गोव्याचे समुद्रकिनारे, नाहीतर महाबळेश्वर. मुले खूष, पालक खूष, बसवाला तर त्याहून खूष. यंदा मात्र आमच्या कन्नड विषयाच्या सरांनी वेगळाच प्रस्ताव मांडला. "सर, बेळगावात जन्मलेल्या पोरांनी बेळगावचा किल्ला आतून बघितलेला नाही. कित्तूर तर बसच्या खिडकीतून बघतात. एक दिवस, जाऊन ऐंशी किलोमीटर, आणि खर्च निम्मा." यावर कोणी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही, आमच्या बैठकांचा तो रिवाजच आहे. तेव्हा आधी आपणच हा मार्ग पायाखाली घालावा असे आम्ही दोघांनी ठरवले. श्रावणातला रविवार होता. पंचमीसाठी माहेरी आलेली धाकटी बहीण आणि पुण्यात कॉलेजात शिकणारी तिची लेक, यांनाही गाडीत घेतले.

सकाळी साडेसातला किल्ल्यात शिरलो. पावसाने खंदक भरलेला, तटावर गवत माजलेले. कमल बस्तीत पाऊल टाकले आणि भाचीची बडबड एकदम थांबली. सन १२०४ मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या बीचिराज नावाच्या मंत्र्याने बांधलेले हे जैन मंदिर. छतातून खाली उमललेले दगडी कमळ पाहताना मान दुखेपर्यंत माणूस उभा राहतो. तिथून हाकेच्या अंतरावर आदिलशाही काळातली साफा मशीद. आत येताना वाटेत दुर्गेला आणि गणपतीला हात जोडलेले होतेच. एवढ्याशा आवारात आठशे वर्षे गुण्यागोविंदाने नसली तरी शेजारी-शेजारी नांदत आहेत.

न्याहारीला बहिणीने हट्टाने मांडे घ्यायला लावले. उलट्या तापलेल्या कढईवर पसरलेली, साखर-खसखशीची, रुमालासारखी पातळ पोळी; गरम असतानाच तिची घडी घालायची, गार झाली की कुरकुरीत. "मनातले मांडे खाणे म्हणतात ते हेच होय!" भाची म्हणाली. सर हसले. "आमच्याकडेही तेच म्हणतात. मनात मंडिगे खाणे." मी इतकी वर्षे मराठी शिकवतो आहे आणि सर कन्नड. एकाच शिक्षककक्षात बसून दोघांनी मनातले मांडे खाल्ले असतील, पण वाक्प्रचार असा जोडीने ताटात कधी आला नव्हता.

कित्तूर बेळगावपासून पन्नासेक किलोमीटर. हमरस्ता सोडून आत वळले की राणी चन्नम्माचा पडका वाडा दिसतो. छप्पर गेले, भिंती उरल्या. पाण्याचे हौद, न्हाण्या आणि ध्रुवतारा पाहण्यासाठी ठेवलेले भोक सरांनी हौसेने दाखवले. मग वाड्याच्या एका जोत्यावर बसून त्यांनी सगळी हकिगत सांगितली. देसाई वारल्यानंतर घेतलेला दत्तक कंपनीने नाकारला. राणीने मान तुकवली नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी याच किल्ल्यासमोर लढाई झाली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. डिसेंबरात कंपनी मोठे सैन्य घेऊन परत आली. राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवले, तिथेच १८२९ मध्ये ती वारली. तिचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ मध्ये आपल्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिले.

"आणि राणीचे यजमान?" भाचीने विचारले.

सर जरा घुटमळले. पाहुण्यांपुढे कसे बोलावे, असा तो संकोच होता. म्हणून उत्तर मीच दिले. राणीचे पती मल्लसर्ज देसाई यांना दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात अडकवून ठेवले होते. सुटून येताना वाटेतच आजाराने खंगून १८१६ मध्ये ते गेले.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, म्हणजे या गोष्टीतले दुष्ट लोक आपण?"

प्रश्न सोपा नव्हता. डिसेंबरात असाच प्रश्न आमच्या नववीतला एखादा मुलगा विचारणार, आणि शेजारी त्याचा कन्नड बोलणारा मित्र उभा असणार. मी तिला एवढेच म्हणालो, "पुढचेही ऐक. सकाळी पाहिलेला बेळगावचा किल्ला पेशव्यांच्या शिबंदीकडून जनरल मन्रोने एप्रिल १८१८ मध्ये घेतला. तीन आठवडे वेढा होता. त्या वेढ्यात मन्रोच्या मदतीला कित्तूरचे देसाई होते. मदतीबद्दल कंपनीने त्यांचे संस्थान त्यांच्याकडे राहू दिले. किती वर्षे? सहा."

सरांनी मान डोलावली. "दोघांनी एकमेकांचा हिशोब चुकता केला सर, आणि व्याज तिसऱ्याने नेले." पाऊस सुरू झाला म्हणून उठलो. मला वाटते, न झोडपता आणि न झाकता मुलांना सांगता येईल असा इतिहास याहून वेगळा नसतो.

धारवाडला पोचेपर्यंत दीड वाजला. एका साध्या खानावळीत पाट मांडल्यासारखे ओळीने बसलो. ज्वारीची कडक आणि मऊ अशी दोन्ही रोट्टी, एण्णेगाई म्हणजे आपली भरली वांगी, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची अशा तीन चटण्या, वर लोण्याचा गोळा. शेवटी होळिगे आणि कट्टिन सारु. बहिणीने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अरे, ही तर आईच्या हातची कटाची आमटी!" वाढणाऱ्या बाई रोट्टीची चळत घेऊन आल्या. "इन्नोंद रोट्टि हाक्लि?" भाचीला शब्द कळला नाही, अर्थ कळला. तिने हात आडवा धरला आणि बाईंनी शेजारच्या मोकळ्या जागेत रोट्टी ठेवली.

जेवताना शाळेचा विषय निघालाच. आमच्या मराठी माध्यमाचा पट दर जूनला थोडा थोडा उतरतो, हे मी सांगितले. सरांचे गाव जवळच आहे. ते म्हणाले, "आमच्या गावच्या कन्नड शाळेचीही तीच गत. पिवळी बस येते आणि पोरांना इंग्रजी शाळेत घेऊन जाते. पोरे मराठ्यांची आणि आमचीही." कित्तूरच्या जोत्यावरचे व्याज मला तिथे पुन्हा आठवले. इंग्रजीशी माझे वैर नाही. भाची तीतच शिकते आणि चांगली शिकते. पण आजीच्या हातचे जेवण कोणत्या शब्दांत मागायचे, हे मुलाने विसरू नये असे मला वाटते. शब्द मराठी असो की कन्नड.

दुपारी साधनकेरीला कवी द. रा. बेंद्रे यांच्या घराकडे गेलो. घरात मराठी बोलणाऱ्या या माणसाने कन्नड कविता शिखरावर नेली आणि १९७३ चे ज्ञानपीठ मिळवले. त्याच १९७३ साली साहित्य अकादमीने 'काजळमाया'ला पुरस्कार दिला. तिचे लेखक जी. ए. कुलकर्णी जन्माने बेळगावचे, याच धारवाडात कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, आणि लिहिणारे मराठीत. एक गाव, एक साल, दोन भाषा. भाचीने 'काजळमाया' वाचलेले नव्हते, बेंद्र्यांचे नावही ऐकले नव्हते. तिने दोन्ही नावे वहीत लिहून घेतली.

संध्याकाळी गरम गिरमिट आणि मिरची भजी झाली. मग लाइन बाजारात पेढ्यासाठी रांग लावली. धारवाडचा हा तांबूस, वरून साखरेत घोळवलेला पेढा एकोणिसाव्या शतकात उत्तरेतल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने इथे रुजवला. म्हणजे ज्याच्यावरून धारवाड ओळखले जाते, त्या पदार्थाची घरची बोली कन्नडही नव्हे आणि मराठीही नव्हे! बहिणीने पुण्याला न्यायला दोन डबे घेतले.

सोमवारी बैठकीत मी हाच मार्ग मांडला. इतिहासाच्या बाईंनी कित्तूरला काय सांगायचे ते विचारले. मी म्हणालो, "१८१६, १८१८ आणि १८२४, तिन्ही साले सांगा. एकही गाळू नका. आणि कित्तूरला सर कन्नडमधून बोलतील, बेंद्र्यांच्या घरी मी मराठीतून बोलेन." सहलीच्या सूचनेवर सही करताना पालकांसाठी शेवटी एक ओळ मी स्वतः घातली : मुलांबरोबर डबा देऊ नये, जेवण धारवाडला आहे.