भिंतीवरची गिटार

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी शाळेतून घरी आले, चहाचं आधण ठेवलं आणि भाऊजींनी अमेरिकेहून पाठवलेलं एक गाणं मोबाईलवर लावलं. "वहिनी, तुम्ही मुलांना ओव्या शिकवता ना, मग हे ऐकाच," असं त्यांनी लिहिलं होतं. एका म्हाताऱ्या बाईचा काहीसा घोगरा आवाज आणि साथीला फक्त गिटार. विजेवरचं एकही वाद्य नाही. शब्द मला अर्धेच कळले. पण आधण आटून निम्मं झालं तरी मी ओट्यापाशीच उभी!

मग भाऊजींना विचारून, थोडं वाचून माहिती जमवली. या गाण्याचं गोत्र ब्लूजचं. मन उदास असलं की इंग्रजीत ते 'निळं' असतं, त्यावरून हे नाव. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मुलखात, काळ्या कष्टकऱ्यांमध्ये ते जन्माला आलं. 1865 साली गुलामगिरी कायद्यानं संपली. पण जमीन मालकाचीच राहिली आणि वाट्यानं कसणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज तेवढं वाढत गेलं. शेतात एकमेकांना घातलेली साद, कामाची गाणी, चर्चमधली भजनं यांतून हे गाणं घडलं. त्याची नेहमीची रचना अगदी साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. ओळ संपली की गिटार बोलते. तीच ओळ पुन्हा म्हणताना पुढची सुचायला सवड मिळते, हे जात्यावर बसलेल्या बाईला सांगायला नकोच!

आम्ही वऱ्हाडातली माणसं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे बी.ए.ला मी घोकून पाठ केलं होतं. पण तिकडे कापूस वेचणारे हात कोणाचे, ती माणसं काय गात असतील, हे कधी मनातही आलं नव्हतं.

गाणारी बाई एलिझाबेथ कॉटन. उत्तर कॅरोलिनातली, जन्म 1893 चा. ब्लूज, भजनं, नाचाच्या गती, सगळंच तिच्या बोटांत होतं. लहानपणीच लोकांच्या घरी काम करून तिनं पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली. हात डावरा, म्हणून ती गिटार उलटी धरायची, बोटांनी खर्जाच्या तारा आणि अंगठ्यानं चाल वाजवायची. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे 'असं नसतं वाजवायचं' असं सांगणारंही कोणी नव्हतं! पुढे लग्न, मग मुलगी. असली गाणी बरी नव्हेत, असं चर्चमधल्या मंडळींनी सांगितलं. गिटार सुटली ती कित्येक वर्षं.

पुढे वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात ती काम करत असताना चुकलेली एक मुलगी तिला सापडली. तिनं ती आईच्या स्वाधीन केली आणि त्याच सीगर कुटुंबात तिला कामही मिळालं. ते घर लोकगीतं गोळा करणाऱ्यांचं. भिंतीवर गिटार टांगलेली. त्याच घरात ही बाई स्वयंपाक करत होती, इस्त्री करत होती. पण तिला गाता येतं का, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही! एक दिवस तिनं ती गिटार काढून वाजवली, तेव्हा कुठे कळलं. लहानपणी, घराजवळून जाणारी मालगाडी ऐकून रचलेलं तिचं गाणं 1957 च्या सुमारास इंग्लंडात गाजलं, तेही आधी दुसऱ्यांच्याच नावावर. 1958 साली, वयाच्या पासष्टीला, तिची पहिली तबकडी निघाली. 1985 साली ग्रॅमी मिळालं तेव्हा तिनं नव्वदी ओलांडली होती. 1987 साली ती गेली.

हे वाचून मी गप्प बसले. मैत्रिणींनो, खरं सांगते, मला सीगरांचा राग आला नाही, माझीच लाज वाटली.

आमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी नऊ वर्षांपासूनच्या. दिवाळीनंतर वेचणीला जातात, तेव्हा खाडे होतात म्हणून मी कुरकुरते. भांडी घासताना त्या काहीतरी गुणगुणत असतात, ते माझ्या कानावरून नुसतं जात असे. आणि मी तिकडे शाळेत फळ्यावर 'ओवी : स्वरूप व वैशिष्ट्ये' लिहीत होते!

दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं, "मावशी, तुम्हाला ओव्या येतात का हो?"

"कायच्या ओव्या वं बाई! माही माय म्हणे जात्यावर." त्या हसल्या. पण मी हललेच नाही. तेव्हा पदराला हात पुसून, खाली बघत त्यांनी एक ओवी म्हटली. मग दुसरी. मग सात झाल्या.

मी शाळेच्या वहीत त्या उतरवून घेतल्या. कोणाच्या ओव्या ते खाली लिहावं म्हणून पेन टेकवलं आणि हात थांबला. नऊ वर्षं झाली, पण मावशींचं नाव काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं.