वरातीची घोडी

मागच्या आठवड्यात ग्रुपवर जुन्या वरातींचे फोटो आले. कुणाची वरात मल्हारगंजातून, कुणाची रामबागेतून, पुढे बँड आणि घोडीवर नवरदेव. मीही आमच्या चिरंजीवांच्या लग्नाचा अल्बम काढला, २०१३ चा. एक फोटो टाकणार होते, पण टाकला नाही. का, ते सांगायचं तर आमच्या बिजलीची गोष्ट सांगावी लागेल. लांबली तर सांभाळून घ्या.

२०२२ ची आषाढी एकादशी. कॉलनीमागच्या रिकाम्या प्लॉटवर एक घोडी पावसात बांधलेली दिसली. नुकरी, म्हणजे गुलाबी कातडीची पांढरी. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था. खूर वाढून पुढे मोजडीसारखे वर वळलेले. मी जवळ गेले तर तिनं कान मागे पाडले आणि दात काढले.

तिचा मालक दोन दिवसांनी भेटला. म्हणाला, "देव सो गए, दीदी. अब चार महीने ये खाएगी, कमाएगी नहीं." चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे घोडीवाल्याच्या घरी पैसा नाही. त्याच्याकडे दुसरी शांत घोडी होती, तिला तो ठेवणार होता. ही चावते, लाथा मारते, बँड लागला की उधळते, म्हणून हिला गिऱ्हाईक नव्हतं. माणूस वाईट नव्हता हो. त्याचं घर त्या दोन घोड्यांवरच चालत होतं. मी पंधरा हजार दिले आणि घोडी घेतली. घरी येऊन सांगितल्यावर काय झालं असेल ते तुम्हीच समजा!

राऊच्या पुढे आमच्या दिरांचं शेत आहे, सोयाबीन-बटाट्याचं. तिथल्या गोठ्यात तिची सोय केली. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गाय आणली असती तर दूध तरी मिळालं असतं." खरंच होतं ते. माझं घोड्यांचं ज्ञान म्हणजे बाबांच्या गोष्टी. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या स्वारांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदरा घाटापासून थेट आग्र्यापर्यंत कसं पिटाळलं, ते बाबा रंगवून सांगायचे. आमच्या इंदुरात पागनीसपागा नावाची वस्ती आहे, पण तिथं पागा कुठली, याचा विचार मी कधी केला नव्हता.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक डॉक्टर आले. त्यांनी पहिलं काम केलं ते रक्त काढायचं. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा रोग आहे, तो माणसालाही होतो आणि घोडं त्यात सापडलं तर कायद्यानं त्याला मारावंच लागतं. नमुना हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात गेला. उत्तर येईपर्यंत तिची बादली वेगळी, तोबरा वेगळा, आणि आम्ही हातमोजे घालून. ते दिवस मला फार जड गेले. तिला वाचवायला आणलं आणि आपल्याच हातानं मरणाकडे पाठवायची वेळ आली तर? रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

दुसरं, मला वाटत होतं उपाशी आहे तर हरभरे-गूळ पोटभर घालावं. डॉक्टर ओरडलेच. फार दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम चंदी दिली तर रक्तातले क्षार घसरतात, तो दगावू शकतो. शिवाय घोड्याला ओकारी येत नाही, पोटात गेलेलं बाहेर काढायची सोय देवानं ठेवलेली नाही. म्हणून फक्त लसूणघास, थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा. रात्री अकराची पाळी भाऊजींची. कुरकुरत जायचे, पण जायचे.

तिच्यात थोडी ताकद आल्यावर डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन तोंड तपासलं आणि मला बॅटरी धरायला सांगितली. घोड्याचे दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर पुढे येत राहतात, चावून झिजतात, पण सारखे झिजले नाहीत तर कडांना धार येते. तिच्या गालाला आतून त्या धारेनं जखमा झालेल्या. जिभेवर आडवा जुना वण. जिथं लगामाची कडी बसते तिथं हिरडी फाटून भरलेली, पुन्हा फाटलेली. डॉक्टर म्हणाले, काटेरी लगाम. भार वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत, त्यांत असला लगाम वापरायला साफ मनाई आहे. उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, त्या बाजूचं तिला जवळजवळ दिसत नव्हतं.

मंडळी, मी गोठ्याबाहेर येऊन बसले. चावते, कारण तोंडाला हात लागला की कळ जाते. लाथ मारते, कारण उजवीकडून आलेला माणूस तिला दिसत नाही. आम्ही ज्याला खोड म्हणत होतो ते दुखणं होतं.

दात कानशीनं घासले. नालबंद चाचा आले, त्यांनी एका वेळी थोडाच खूर कापला. एकदम सरळ केला तर पायाच्या शिरा ताणतात म्हणे. दर सहा आठवड्यांनी यायचे. त्यांनी सांगितलं, खूर महिन्याला सव्वा बोटसुद्धा वाढत नाही, जेमतेम आठ-दहा मिलिमीटर. वरून जमिनीपर्यंत नवा खूर यायला वर्ष लागतं. "इससे जल्दी कुछ मत माँगना इससे," म्हणाले.

मी मात्र घाई केलीच. दोन महिन्यांत ती भरली, माझ्या हातून गाजर घ्यायला लागली. मला वाटलं झालं आता. एक दिवस गडबडीत उजवीकडून गेले आणि मोहरकी चढवायला हात घातला. दंडाला असा चावा बसला की पंधरा दिवस काळंनिळं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पुरे आता. उद्या पोरांना काही केलं म्हणजे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकंच म्हटलं, चूक माझी होती, एक महिना द्या.

त्या महिन्यात मी तिला काहीच केलं नाही. तिच्या डावीकडे खुर्ची टाकून नई दुनिया मोठ्यानं वाचायची, बस्स. आधी ती पाठ करून उभी राहायची. मग अर्धी वळली. एक दिवस पेपरावर ऊन पडेना म्हणून वर पाहिलं तर तिचं तोंड माझ्या डोक्यावर होतं.

देवउठनी ग्यारसला पुन्हा सगळं विस्कटलं. शेतापासून जवळच एक मॅरेज गार्डन आहे. तिथं बँड सुरू झाला आणि बिजली घामानं निथळली. दार मोडून तारेच्या कुंपणात गेली, छाती फाडून घेतली. आता तोंड दुखत नव्हतं, पोट भरलेलं होतं, तरी भीती तशीच. डॉक्टरांनी जखम शिवली आणि उपाय सांगितला: चंदी खाताना मोबाईलवर बँडची धून लावायची, इतकी हळू की तिनं कान टवकारावेत पण खाणं सोडू नये. आठवड्यानं आवाज एक घर वाढवायचा. हे काम भाऊजींनी घेतलं. रोज संध्याकाळी गोठ्यात "आज मेरे यार की शादी है" वाजायचं. मजूर हसायचे. पुढच्या हंगामात तिकडे बँड वाजला तेव्हा ती थरथरली, पण भाऊजींच्या शेजारी उभी राहिली.

आणि मग २०२४ च्या फेब्रुवारीत भाऊजींच्याच मुलाचं लग्न ठरलं. जाऊबाई म्हणाल्या, घरची घोडी असताना भाड्याची कशाला? आता शांत झाली आहे, चांगली दिसतेही. सगळ्यांना पटलं. मी काय बोलणार, शेत त्यांचं, गोठा त्यांचा, मुलगा त्यांचा. मी गप्प बसले, आणि त्याची मला लाज वाटते.

बोलले ते भाऊजी. म्हणाले, "नाही. ती आपल्यावर विश्वास ठेवून उभी राहते. तोच विश्वास वापरून तिला त्याच गोंगाटात न्यायचं?" मुलगा मोटारीतून गेला. जाऊबाई अजून माझ्याशी तुटक बोलतात. त्यांच्या जागी मीही बोलले असते कदाचित.

तर तो २०१३ चा फोटो. आमचा मुलगा फेटा बांधून हसतो आहे, मी खाली आरतीचं तबाट घेऊन. घोडीनं मान उंच ताणली आहे, तोंड उघडं आहे. आम्ही तेव्हा म्हणालो होतो, बघा कशी ऐटीत उभी आहे! परवा भिंगातून पाहिलं. तोंडाच्या कडेला फेस आहे, आणि तो पांढरा नाही, गुलाबी आहे. ती कोण, कुठली, पुढे तिचं काय झालं, आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

बिजली आता बरी आहे. पाठीवर कुणी बसत नाही. उजवीकडून कुणी आलं तर आधी आवाज द्यायचा हा घरचा नियमच झाला आहे. घरी कुणाचं लग्न असेल तर एवढंच करा, घोडी ठरवायच्या आधी एकदा तिच्या तोंडाकडे बघा. आणि टांग्याच्या, पागेच्या, घोड्यांच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा, भाऊजींना वाचून दाखवीन.