भिंतीवरची टकटक

चकलीचा तुकडा मोडता मोडता भुताची गोष्ट कोण वाचणार, असे कोणी म्हणेल. पण घरात दिवाळी अंक आला की त्यातली भयकथा आधी कोण पळवते, ते आठवून पाहा. बहुधा बायकाच! नारायण धारप नि मतकरी मीही स्वयंपाकघरातच वाचले.

शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस’ ही १९५९ सालची कादंबरी मात्र मॅट्रिकच्या इंग्रजीच्या बळावर, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. ही बाई चार मुलांची आई. बाळंतपणासाठी गेली असता इस्पितळातल्या बाईने व्यवसाय विचारला. ही म्हणाली, लेखिका. तिने आपले ‘गृहिणी’ लिहिण्याचे ठरवून टाकले! हा किस्सा जॅक्सननेच आपल्या एका विनोदी पुस्तकात सांगितला आहे.

कादंबरीतली एलेनॉर बत्तीस वर्षांची. अकरा वर्षे तिने आजारी आईचे केले. आई औषधासाठी भिंतीवर ठोकायची. आई गेली, आणि हिच्या वाट्याला बहिणीच्या घरातली एक खाट आली. मग झपाटलेल्या वाड्याचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरचे बोलावणे येते. वाटेत तिला एका घरापुढे दगडी सिंह दिसतात. एक लहान मुलगी आपला चांदण्यांचा पेला हवा म्हणून हट्ट करताना दिसते. वाड्यात थिओडोरा भेटते, तेव्हा हे सारे आपल्याच घरी आहे असे ही तिला सांगते. थापाच त्या, पण मला विचाराल तर ती एलेनॉरची पहिली कादंबरी होती. कागद नव्हता, इतकेच.

दोघी शाळकरी मुलींसारख्या ओढ्याकाठी हुंदडतात. थिओडोरा तिच्या पायांची नखे लाल रंगवते. रात्री दारावर ठोके पडतात, आणि झोपेत हिला वाटते, आईच बोलावते आहे. एका रात्री काळोखात ती थिओडोराचा हात घट्ट धरून पडते. दिवा लागतो, तर थिओडोरा दूर आपल्या पलंगावर! पुढे, मला तुझ्या घरी ने, म्हणून ती विनवते. थिओडोरा नाही म्हणते. शेवटी वाडाच तिला ठेवून घेतो.

थिओडोराला दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मैत्रीण झाली तरी दुसरीचे घर होणे सोपे नसते.

माझ्या एका मैत्रिणीने नऊ वर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईचे केले. पाणी हवे झाले की आई खाटेच्या दांड्यावर वाटी आपटी. आई गेल्यावर ती काही दिवस माझ्याकडे राहिली. रात्री दोनला उठायची आणि तांब्या भरून उभी राहायची. मग आम्ही चहा करीत असू. अशाच एका रात्री मी तिला ही गोष्ट सांगितली. भुताबद्दल तिने काहीच विचारले नाही. म्हणाली,

“आई गेली त्या रात्री तिनं भिंत ठोकली होती का गं?”

“हो.”

“आणि ही जागी होती?”

“तिचं तिलाच सांगता येत नाही. कदाचित ऐकून पुन्हा झोपलीही असेल.”

ती बराच वेळ कपाकडे पाहत राहिली. “बरं झालं,” म्हणाली, “कुणीतरी लिहून ठेवलं.”

त्या हिवाळ्यात तिने आईच्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली. मधले चौकोन माझ्या जुन्या साड्यांचे घातले. आईचे लुगडे चारी बाजूंनी कडेला लावले. असे का, म्हणून विचारले, तर दाताने दोरा तोडीत म्हणाली, “अंगावर घेतली की तोंडाशी यायला नको. पायाशी असू दे.”