रिकामी टाकी

मुलांनो, सोलापुरात समुद्र नाही हे तुम्हांला ठाऊकच आहे. तरी माझ्या घरात एक लहानसा समुद्र आहे. तीन फूट लांब, दीड फूट उंच!

शाळेत असताना सहलीला मुंबईला गेलो होतो. तेथे मरीन ड्राइव्हवर, १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले आणि समुद्रातल्या माशांचे वेड लागले. नोकरी लागल्यावर काचेची टाकी घेतली. एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार मिसळायचे. स्वयंपाकघरातले मीठ येथे चालत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे अम्मी कुरकुरली, "माणसांना पुरेना, आणि मास्तरांचे मासे पोहतात!"

टाकीत दोन निळे मासे होते. मग एकदा मुंबईहून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची क्लाऊनफिशची जोडी घेतली. सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये रात्रभर ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो. सकाळी माझी लेक दारातच उभी होती. तिला किती थांबवणार? मासे लगेच टाकीत सोडले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. मी घाबरलो. पण आणखी चार दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे झाले. मी लेकीला म्हणालो, "बघ, बरे झाले."

येथेच मी फसलो. तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीत शिरलेला एक सूक्ष्म परजीवी असतो. पोट भरले, की तो गळून पडतो आणि वाळूला किंवा दगडाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, कवच फुटते आणि पिल्ले पोहत मासा शोधतात. ठिपके गेले तेव्हा रोग गेला नव्हता. तो वाळूत वाढत होता. पुढच्या पंधरवड्यात चारही मासे मेले. जुने निळे मासेसुद्धा. त्या बिचाऱ्यांचा काय दोष? लेक माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग मी वाचायला बसलो. (हे आधी करायला हवे होते!) नव्या माशांना आधी वेगळ्या टाकीत ठेवतात. उर्दूत आपण ज्याला करंतीना म्हणतो, तेच हे. मूळ शब्दाचा अर्थ चाळीस. पूर्वी इटलीतल्या बंदरांत जहाजे चाळीस दिवस थांबवून ठेवत. या टाकीत वाळू नाही, दगड नाही. लपायला फक्त पाइपचा तुकडा. जाळी आणि मगसुद्धा वेगळा. औषध तांब्याचे, एका लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. कमी पडले तर परजीवी जगतो, जास्त झाले तर मासाच मरतो. म्हणून रोज मोजायचे. हे औषध फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारते, कवचातल्यांना नाही. त्यामुळे ते महिनाभर चालू ठेवावे लागते. मोठ्या टाकीत ते घालता येत नाही, कारण तांब्याने कोळंबी आणि प्रवाळ मरतात.

मोठ्या टाकीचे काय? ती रिकामी ठेवायची. मासा मिळाला नाही, की पिल्ले एक-दोन दिवसांत मरतात. पण सगळी कवचे फुटेपर्यंत थांबायला हवे. मी ७६ दिवस थांबलो. दिवा चालू, पंप चालू, आत मासा एकही नाही. शेजारी विचारत, "मास्तर, पाणी पाळलंय का?"

लेकीने कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. मधल्या काळात दुसरी जोडी आणली आणि तिचा महिना वेगळ्या टाकीत काढला. रोज सकाळी ती बॅटरी घेऊन त्यांची अंगे तपासायची. शहात्तराव्या फुलीच्या दिवशी रविवार होता. जाळी मी तिच्याच हातात दिली. मासे पाण्यात शिरले आणि सरळ दगडामागे जाऊन लपले. आम्ही दोघे दुपारपर्यंत टाकीसमोर बसून होतो.